सबस्क्राइब करायचे म्हणजे पैसे भरायचे?

शिक्षकांना उपयोगी पडतील असे पॉडकास्ट आज भरपूर आहेत. हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशाखेचा ‘हार्वर्ड एडकास्ट’, ब्रिटनमधील क्रेग बार्टन यांचा गणिताच्या अध्यापनावरचा पॉडकास्ट, अमेरिकेतील जेनिफर गोन्झालेझ यांचा ‘कल्ट ऑफ पेडॅगॉजी’ ही त्यांतली काही नावे. हे सगळे मोफत ऐकता येतात. तरीही विषय निघाला की हमखास ऐकू येते, “सबस्क्राइब करा म्हणतात, म्हणजे दर महिन्याला पैसे कापणार!”

हा समज साफ चुकीचा आहे आणि तो कसा चुकीचा आहे हे यंत्रणा पाहिली की कळते. जवळजवळ प्रत्येक पॉडकास्टमागे आरएसएस फीड नावाची एक साधी फाइल असते. डेव्ह वायनर यांनी डिसेंबर २००० मध्ये या फीडला ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली. फीडमध्ये भागांची शीर्षके, तारखा आणि ध्वनिफाइलींचे पत्ते असतात. सबस्क्राइबचे बटण दाबल्यावर अ‍ॅप या फीडचा पत्ता जपून ठेवते आणि अधूनमधून तिथे डोकावते. नवा भाग आला असेल तर तो यादीत दाखवते. एवढेच. यात बँकेचा संबंध कुठेही येत नाही. गैरसमज केवळ आपल्याकडे आहे असेही नाही. अ‍ॅपलने २०२१ मध्ये आपल्या अ‍ॅपमधल्या बटणावरचे ‘सबस्क्राइब’ काढून ‘फॉलो’ केले. त्याच वर्षी त्यांनी सशुल्क पॉडकास्टही सुरू केले. पण तिथे आधी किंमत दिसते आणि संमती दिल्याखेरीज पैसे जात नाहीत.

या भीतीपायी जे हुकते ते किरकोळ नाही. एमिली हॅनफर्ड यांच्या ‘सोल्ड अ स्टोरी’ (२०२२) या मालिकेने मुलांना वाचायला शिकवण्याच्या रूढ पद्धतींवर बोट ठेवले आणि त्यानंतर अमेरिकेतील अनेक राज्यांनी वाचनशिक्षणाचे कायदे बदलले. पहिलीदुसरीला शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाने ती ऐकावी अशी आहे, आणि तिला एक पैसा लागत नाही.

‘एज्युकेशन’ विभागात वर दिसतात तेच शिक्षकांसाठीचे उत्तम पॉडकास्ट, हा दुसरा समज. अ‍ॅपलच्या या विभागात स्व-विकास आणि भाषा शिकण्याचे कार्यक्रमही मोडतात, त्यामुळे क्रमवारीत वर दिसणारे सगळे शिक्षकांसाठीचे असेलच असे नाही. क्रमवारी लोकप्रियता सांगते, दर्जा नव्हे. त्याऐवजी ‘वाचन’, ‘अपूर्णांक’, ‘मूल्यमापन’ असा नेमका विषय शोधावा, देवनागरीत आणि इंग्रजीतही. आणि आवडलेल्या भागातील पाहुण्याचे नाव टाकून पाहावे. चांगले पॉडकास्ट बहुधा असेच सापडतात.

आयफोनच लागतो? नाही. अँड्रॉइडवर ‘अँटेनापॉड’ मोफत आहे, त्याला खाते उघडावे लागत नाही.

डेटा संपतो? १२८ केबीपीएसचा अर्ध्या तासाचा भाग साधारण २९ एमबीचा असतो. घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवला की एसटीत नेटशिवाय ऐकता येतो.

अ‍ॅप बंद पडले तर यादी जाते? गुगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झाले, पण त्याआधी श्रोत्यांना आपली यादी ओपीएमएल फाइलमध्ये उतरवून घेण्याची सोय दिली होती. अँटेनापॉड आणि पॉकेट कास्ट्स ही दोन्ही अ‍ॅप ती फाइल जशीच्या तशी स्वीकारतात.