रोहिडा : ओळख आणि रक्षण

दिल्लीच्या वायव्येस सुमारे ७० किलोमीटरांवर रोहतक हे हरियाणातील शहर असून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात त्याचा समावेश होतो. महाभारताच्या सभापर्वात, नकुलाच्या दिग्विजयवर्णनात, रोहितक या स्थानाचा उल्लेख येतो. ते हेच असावे असे अभ्यासक मानतात. रोहितक हे एका वृक्षाचेही संस्कृत नाव आहे. पूर्वी येथे त्या वृक्षांचे रान होते आणि त्यावरूनच गावास नाव मिळाले, अशी परंपरा सांगितली जाते. हिंदीत या वृक्षास रोहेडा, तर मराठीत रोहिडा किंवा रक्तरोहिडा म्हणतात.

परंतु केवळ नावावरून झाड ओळखू गेल्यास फसगत होते. बंगालमध्ये रोहितक म्हणून निंब कुलातील एका वृक्षाची साल औषधात वापरतात. सह्याद्रीत रक्तरोहिडा हे नाव बदरी कुलातील एका मोठ्या झुडपासही दिले जाते. वायव्य भारतातील रोहिडा मात्र टेटू कुलातील आहे. एकाच नावाखाली तीन भिन्न वनस्पती मोजल्या गेल्या, तर त्यांपैकी एखादी विरळ होत असल्याचे कोणाच्या ध्यानात येणार नाही. म्हणूनच वनस्पतिशास्त्रात प्रत्येक जातीस एकच शास्त्रीय नाव असते. रोहिड्याचे नाव टेकोमेला अंड्युलेटा असे आहे. टेकोमेला या प्रजातीत ही एकच जाती मोडते.

अंड्युलेटा म्हणजे लाटांसारखा. रोहिड्याच्या पानाची कड लाटेप्रमाणे वर-खाली झालेली असते, हीच त्याची पहिली खूण होय. पाने साधी, अरुंद व करडसर हिरवी असतात. फांद्या खाली लोंबतात. हिवाळ्याच्या अखेरीपासून वसंतापर्यंत फांद्यांवर फुलांचे झुबके येतात. फूल घंटेसारखे, पाच पाळ्यांचे व गंधहीन असते. त्याचा रंग पिवळा, नारिंगी किंवा तांबडा असतो. मधासाठी पक्षी त्याकडे येतात. फळ लांब व किंचित वाकडे असून बियांना पातळ पंख असतात.

दिल्लीच्या उद्यानांत व रस्त्यांकडेला लावलेला, पिवळ्या फुलांचा टेकोमा स्टान्स हा रोहिड्याचा कुलबंधू आहे. परंतु तो मूळचा अमेरिकेतील होय. दोहोंतील भेद पाहण्यास फूल तोडावे लागत नाही. टेकोमाचे पान संयुक्त असते, म्हणजे एका देठावर अनेक दातेरी पर्णिका असतात. रोहिड्याचे पान एकसंध असते.

ओळख निश्चित झाल्यावरच संरक्षणाचा विचार करता येतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या लाल सूचीत रोहिड्याची गणना संकटग्रस्त जातींत केली आहे. एखाद्या जातीची संख्या दहा वर्षांत किंवा तीन पिढ्यांत, यांपैकी जो काळ अधिक असेल त्यात, निम्म्याहून अधिक घटणे हा या वर्गाचा एक निकष आहे.

या ऱ्हासाची कारणे झाडाच्या गुणांतच आहेत. त्याचे लाकूड मजबूत व कोरीवकामास योग्य असल्याने त्यास मारवाडचा साग म्हणतात. सालीस औषध म्हणून मागणी आहे. वाढ मात्र मंद असते, बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही आणि रोपे गुरे खातात. तोडलेल्या झाडाची जागा भरून निघण्यास त्यामुळे दीर्घ काळ लागतो.

राजस्थानने १९८३ मध्ये रोहिड्याच्या फुलास राज्यपुष्पाचा मान दिला. मानाने झाडाकडे लक्ष वेधले जाते. तथापि ते टिकते ते नव्या रोपांमुळे. अरवलीच्या उजाड भूमीवर पुन्हा रान उभारताना बी कोणत्या झाडाचे घेतले, यावरच पुढील वनाचे स्वरूप अवलंबून राहते. पानाची कड निरखून पाहणे ही म्हणूनच क्षुल्लक गोष्ट नव्हे. संरक्षणाचा आरंभ तेथूनच होतो.