हिंगोलीची एक सहाबारी : असल कीं नक्कल ?

हिंगोली हें आज जिल्ह्याचें ठाणें असलें (जिल्हा इ. स. १९९९ मध्यें परभणींतून निराळा झाला) तरी इतिहासाच्या अभ्यासकांस तें गांव निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी म्हणूनच अधिक परिचित आहे. ही फौज १९०३ सालीं हिंदी लष्करांत विलीन झाली. तेथील जुन्या घरांतून सनदा, पोथ्या व मोडकीं शस्त्रें अद्यापि निघतात. अशाच एका घरीं दोन पोथ्या, एक सनद व एक सहाबारी पिस्तूल आम्हांस दाखविण्यांत आलें. पणजोबा रिसाल्यांत होते व १८५८ च्या मध्यहिंदुस्थानांतील मोहिमेंत त्यांनीं हें पिस्तूल वापरलें, अशी घरची परंपरा. तसा दाखला आम्हीं लिहून द्यावा, ही मालकांची इच्छा होती.

पिस्तूल कोल्टच्या १८५१ च्या ‘नेव्ही’ धर्तीचें : सहा घरांचें, ०·३६ इंच व्यासाचें, टोपीवर उडणारें. कोल्टनें लंडन येथें १८५३ पासून १८५६ पर्यंत कारखाना चालविला. त्यामुळें असें पिस्तूल इंग्रज अंमलदारांबरोबर इकडे येणें अशक्य मुळींच नव्हे. नळीवर मात्र न्यूयॉर्कचा पत्ता होता. तेवढ्यानें निर्णय होत नाहीं. तो असल पिस्तुलांवरहि असतो व कित्येक नकलांवरहि. या धर्तीच्या नकला इटलींत १९५८ च्या सुमारापासून उघडपणें होत आल्या आहेत. त्या करण्यांत लबाडी नाहीं, लबाडी पुढें कानशीनें होते.

पोथीचीं पानें एकाच संचांतलीं आहेत कीं नाहींत हें आपण पत्रांकांवरून पाहतों. कोल्टच्या पिस्तुलांतहि तेंच करावें. त्याचे भाग यंत्रावर होत, परंतु शेवटची जुळणी हातानें कानस लावून होई ; एका पिस्तुलाचा भाग दुसऱ्यांत नेमका बसेलच असें नसे. म्हणून नळी, चौकट, मूठ इत्यादि निरनिराळ्या भागांवर एकच क्रमांक ठोकीत. आमच्यापुढील पिस्तुलांत तो चौकटीवर तेवढा होता.

याहून महत्त्वाची परीक्षा आंसाची. या पिस्तुलाच्या चौकटीस वरून पट्टी नसते. मागून निघालेला आंस सिलिंडरांतून पुढें जाऊन नळीखालच्या भोंकांत शिरतो, आणि आडवी पाचर दोहोंस बांधते. कोल्टच्या कामांत आंसाचें टोंक भोंकाच्या तळास टेकतें. पाचर कितीहि ठोकली तरी नळी तेथेंच अडते, व नळी आणि सिलिंडर यांमधील फट कायम राहते. ही फट कांहीं सहस्रांश इंचाची असते : फार थोडी असली तर काळ्या दारूच्या काजळीनें सिलिंडर अडकतो, फार असली तर जाळ बाजूस फुटतो. इटालियन नकलांपैकीं पुष्कळांत आंस आंखूड असतो. टोंकास आधार नसल्यामुळें पाचर ठोकतांच नळी खालच्या टेकणावर कलते, आणि फट हातोडीच्या जोरावर अवलंबून राहते.

परीक्षा सोपी आहे. सिलिंडर काढून नळी आंसावर थोडी आडवी फिरवावी व मागें सरकवावी. तिचा खालचा भाग चौकटीच्या तोंडाशीं न थांबतां पलीकडे गेला, तर आंस आंखूड समजावा. येथें तो चांगलाच पलीकडे गेला. तरीहि, झिजलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या असल पिस्तुलावर अन्याय होऊं नये म्हणून आम्हीं स्क्रूचे आटे मोजविले. ते मेट्रिक मापाचे निघाले. नळीच्या बुडाशीं, जेथें इटालियन परीक्षेचें चिन्ह व वर्षाची चौकट असावयाची, तेथें कानशीचे ओरखडे स्पष्ट होते. (गंज मात्र कौशल्यानें चढविलेला होता !)

दाखला आम्हीं दिला नाहीं. मालकांस वाईट वाटलें. पिस्तूल घरांत केव्हां आलें हें वडील मंडळींपैकीं कोणास सांगतां येईना. सनदेची गोष्ट निराळी. कागद, वळण, शिक्का यांत आम्हांस दोष आढळला नाहीं, व पणजोबांची नोकरी तिच्यावरून ठरते. पिस्तुलाच्या शेजारीं ठेवल्यामुळेंच ती संशयास पात्र झाली होती. १९५९ च्या शस्त्र कायद्याची सवलत, दुरुस्तीनेंहि चालूं न शकणाऱ्या जुन्या शस्त्रांस आहे. हें तर चालण्याजोगें होतें. म्हणून मालकांनीं आमच्या सांगण्यावरून तें पोलीस ठाण्यांत जमा केलें. सनद नकलेसाठीं आमच्याकडे आहे.