चित्र कां ठरत नाहीं?



पंचवीस-तीस वर्षें कपाटांत पडून राहिलेलीं खेळयंत्रें पुन्हां बाहेर काढण्याचा छंद अलीकडे पुष्कळांना जडला आहे. त्यांचें मूळचें चित्र आजच्या मोठ्या पडद्यावर पुसट दिसतें. म्हणून यंत्र उघडून त्याच्या आंतील तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांचे संकेत निरनिराळ्या तारांनीं बाहेर आणण्याची युक्ति निघाली. १९९६ सालीं जपानांत निघालेलें 'निंटेंडो ६४' हें याचें उत्तम उदाहरण. त्याच्या प्रारंभींच्या जपानी व अमेरिकन बनावटींत हे तिन्ही संकेत आंतल्या चिपेवर तयार असतात, परंतु मागच्या खोबणीपर्यंत त्यांना वाटच ठेवलेली नाहीं. एक लहानसा वर्धक बसवून ती वाट करून द्यावी लागते.

असें रूपांतर केलेलें यंत्र घरीं येतें, आपण कळ दाबतां, आवाज ऐकूं येतो आणि पडदा काळा! किंवा चित्र येतें, पण जात्यासारखें फिरत राहतें. 'यंत्र जळलें' असें समजून लोक पुन्हां डाख देणाऱ्याकडे धांव घेतात. ही घाई महागांत पडते. जुन्या पट्टीवर वारंवार उष्णता लागली कीं तिच्यावरच्या तांब्याच्या बारीक रेषा उचलून येतात, आणि मग चांगलें यंत्र खरोखरच निकामी होतें. दोष मात्र पुष्कळदां चित्रांत नसतोच. तो असतो 'सिंक'मध्यें.

सिंक म्हणजे काय? पडद्यावरचें चित्र एकदम उमटत नाहीं, एकाखालीं एक ओळींनीं तें रेखाटलें जातें. जपान-अमेरिकेच्या पद्धतींत सेकंदाला सुमारें १५,७३४ ओळी होतात आणि सुमारें ६० वेळां पुन्हां माथ्यापासून प्रारंभ होतो. यंत्र जेथें ओळ संपवितें तेथेंच पडद्यानेंही ती संपविली पाहिजे. गवई एका खोलींत आणि तबलजी दुसऱ्या खोलींत बसविला, तर समेवर दोघे एकत्र यावयाचे कसे? कोणीतरी टाळी ऐकवीत राहिलें पाहिजे. प्रत्येक ओळीच्या सीमेवर एक बारीक ठोका आणि पूर्ण चित्राच्या सीमेवर रुंद ठोके यंत्र पाठवितें. तेंच सिंक.

ओळीचा ठोका चुकला तर चित्र आडवें फाटतें, तिरप्या पट्ट्या होतात. पूर्ण चित्राचा चुकला तर तें वर-खालीं सरकतें. जुन्या संचाच्या पाठीमागची 'व्ही-होल्ड'ची कळ ज्यांनीं फिरविली आहे, त्यांना हें सांगावयास नको. उलट चित्र स्थिर असून एखादा रंगच नसेल, तर ठोक्याला दोष देऊं नये. त्या रंगाची तार पाहावी.

प्रथम मूळची पिवळ्या टोकाची तार लावावी. तिच्यावर चित्र नीट आलें तर यंत्र धडधाकट आहे. मग नव्या तारेकडे वळावें. येथें एक गंमत आहे. १९९० सालच्या 'सुपर फॅमिकॉम'ची खोबण आणि 'निंटेंडो ६४'ची खोबण सारखीच. एकाची तार दुसऱ्यास बिनतक्रार बसते. पहिल्या यंत्रांत तिसऱ्या पिनेवर स्वतंत्र ठोका मिळतो. दुसऱ्यांत रूपांतर करणाऱ्यानें ती पिन जोडली नसेल तर तेथें कांहींच नाहीं. स्वतंत्र ठोक्याची तार लावली कीं आवाज येणार, चित्र येणार नाहीं!

स्वतंत्र ठोका नसेल तेव्हां तो साध्या चित्रसंकेताच्या पोटांतून काढून घेतात. या संकेताची एकंदर उंची सुमारें १ व्होल्ट, तींत ठोक्याचा वांटा ०·३ व्होल्ट. पडदा एक मर्यादा आंखून तेवढा भाग कापून घेतो. चित्र फार उजळ झालें कीं कांहीं पडद्यांची ही मर्यादा ढळते. म्हणून खेळांतला वीर अंधाऱ्या गुहेंत असेतों चित्र शांत, आणि बर्फांत आला कीं थरथरूं लागतें! हें लक्षण दिसल्यास 'एल्‌एम्‌ १८८१'सारखी ठोका वेगळा करणारी चिप उपयोगी पडते.

मात्र अशा चिपेचा ठोका सुमारें ५ व्होल्टांचा असतो. पडद्याच्या बाजूस ७५ ओहम धरलेले असतात. मध्यें ४७० ओहमांचा रोध घातला कीं तो ०·७ व्होल्टांच्या जवळ येतो. रोध विसरला तर आधुनिक परिवर्तकास अपाय होऊं शकतो. यंत्रांत एक व तारेंत एक असे दोन रोध बसले तर ठोका जवळजवळ निम्म्यावर येतो. मग एक पडदा त्याला ओळखतो, दुसरा ओळखत नाहीं, आणि घरांत वाद होतात.

कधीं कधीं सर्व ठीक असूनही नवा पडदा रुसतो. या यंत्रांचें २४० ओळींचें चित्र त्याला अपरिचित असतें. जुन्या कांचनळीच्या संचावर पडताळून पाहावें. पण आपल्याकडील पुष्कळ जुने संच सेकंदाला ५० चित्रांच्या पद्धतीचे, हें ध्यानांत ठेवावें. त्यांच्यावर ६० चें चित्र फिरलें तर तो यंत्राचा अपराध नव्हे. 'क्रोनो क्रॉस' (१९९९) या प्लेस्टेशनवरील खेळांत तालिका उघडतांच ओळींची पद्धत बदलते व कांहीं परिवर्तकांवर चित्र क्षणभर नाहींसें होतें; तेंही दुरुस्त करावयाचें नसतें.

एवढें सर्व पाहूनही चित्र ठरलें नाहीं, तरच झांकण उघडावें, आणि तेव्हांही आधीं सिंकची तार व तिच्या जोडीची भूतार मीटरनें एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावी.