सशाची पारख, बकरीचा उजेड

मेंदूतले गोळे हुडकायला शहाण्यासुरत्या माणसांना ससा आणि बकरी यांच्या दारात कसं जावं लागलं, ते आज सांगतो.

कंपवातानं हात थरथरतात, पाऊल अडखळतं, हे तुम्ही पाहिलं असेल. असल्या रोग्यांच्या, मेल्यानंतर काढलेल्या मेंदूत फ्रिट्झ लेवी या जर्मन डॉक्टराला १९१२ साली पेशींच्या पोटात गोल गोल पुंजके दिसले, पण ते कशाचे हे उमगायला पुढं ८५ वर्षं गेली. १९९७ साली इटलीतल्या कोंतुर्सी गावच्या, पिढ्यान्‌पिढ्या कंपवात भोगणाऱ्या एका घराण्यात अल्फा-सिन्युक्लीन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात खोट सापडली. आणि त्याच साली केंब्रिजात मारिया ग्राझिया स्पिलांतिनी आणि मंडळींनी त्या प्रथिनावरची प्रतिपिंडं मेंदूच्या कापांवर टाकली, तर ती नेमकी लेवीच्या पुंजक्यांनाच बिलगली!

ही प्रतिपिंडं आणायची कुठून? त्या प्रथिनाचा तुकडा सशाला टोचायचा. सशाचं अंग त्याला परकं मानतं, आणि कळपातून आपलंच वासरू हुंगून काढणाऱ्या गाईसारखं तेवढंच प्रथिन धरणारी प्रतिपिंडं रक्तात घडवतं. पण धरलं तरी दिसावं कसं? बोस्टनच्या अल्बर्ट कून्सनं १९४१ साली प्रतिपिंडालाच चमकणारा रंग जोडून दाखवला होता. पुढं त्यावर कडी झाली: सशाची प्रतिपिंडं बकरीला टोचायची, म्हणजे बकरी सशाच्या प्रतिपिंडांना धरणारी प्रतिपिंडं करते, आणि रंग जोडायचा तो या बकरीच्यांना. सशाच्या एकेकाला बकरीची कितीतरी चिकटतात, म्हणून उजेडही दांडगा. फ्लुरोसीन लावलं असेल तर निळा प्रकाश टाकावा आणि हिरवा परत यावा; काळ्याशार पेशीत हिरवं कडं उमटतं, मध्यभाग जरा फिका. अहाहा, काय दिसतं ते!

पण भुलायचं नाही. म्हाताऱ्या पेशींत लिपोफ्युसिन नावाचं पिवळट द्रव्य साठलेलं असतं आणि ते कुणी न लावताच चमकतं. म्हणून सुदान ब्लॅक नावाच्या काळ्या रंगानं त्याला गप्प करतात, आणि शेजारी आणखी एक काप ठेवतात, ज्यावर सशाचं काहीच टाकत नाहीत, फक्त बकरीचं. त्यातही काही लकाकलं, तर पहिल्या कापावरच्या उजेडावर जाणता माणूस विसंबत नाही. तो सगळं पुन्हा पहिल्यापासून करतो.