वाचनालयातला संगणक आणि आपली मुले

रविवारी विहारात वंदना आटोपली की माताभगिनींचा एक प्रश्न ठरलेला असतो. वाचनालयात नेट आले, चांगले झाले. पण तिथे बसून पोरे काय बघतात, ते कोण बघणार?

प्रश्न रास्त आहे. मिरचीच्या पथारीवर, ऊसतोडीला, नाहीतर बांधकामावर दिवसभर राबणाऱ्या आईबापांनी पोरांच्या मागे कुठवर फिरावे? २०११च्या जनगणनेत आपल्या नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती. ज्या आईला पडद्यावरची अक्षरेच लागत नाहीत, तिने मुलावर लक्ष तरी कसे ठेवायचे? म्हणून संगणकाला 'फिल्टर' बसवा, अशी मागणी होते. लहान मुलांच्या संगणकाला तो असावा, असे आम्हांलाही वाटते. घाणेरडी चित्रे आणि पैसे लावण्याचे खेळ दहा वर्षांच्या पोरापुढे उघडू नयेत, यात वाद कसला?

पण बंधूंनो, ही चाळणी चालते कशी, तेही समजून घ्या. तिच्याजवळ बंद करायच्या ठिकाणांची एक यादी असते आणि संशयास्पद शब्दांची दुसरी. शब्द दिसला की दार बंद. तिला शब्द दिसतो, अर्थ कळत नाही. आठवीतली मुलगी पाळीविषयी माहिती शोधू लागली, तर तेही अडू शकते. 'बलात्कार' हा शब्द अडवला, तर २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबावर काय गुदरले, तेही आपल्या मुलांना वाचता येणार नाही. अत्याचार करणारे मोकळे आणि अत्याचाराची बातमी बंद!

आणि यादी करणार कोण? हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला. त्यातल्या 'रिडल्स'मधील राम-कृष्णावरचे परिशिष्ट वगळा, म्हणून केवढे काहूर उठले! १९८८ साली मुंबईत आपल्या लोकांचा प्रचंड मोर्चा निघाला, तेव्हा कुठे मजकूर राहिला. शासन या मताशी सहमत असेलच असे नाही, एवढी टीप खाली आली. ते पुस्तक होते. पान फाटले तर दिसते. संगणकावर पान गेले की गेल्याचे कळतही नाही. 'असे काही नसेलच', असे समजून मूल उठून जाते.

अमेरिकेत हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. इंटरनेटसाठी केंद्र सरकारची सवलत घेणाऱ्या ग्रंथालयांनी फिल्टर बसवलाच पाहिजे, असा कायदा तिथे २००० साली झाला. ग्रंथपालांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. २००३ मध्ये न्यायालयाने कायदा कायम ठेवला. मात्र मोठ्या माणसाने सांगितले तर ग्रंथपाल फिल्टर काढून देऊ शकतो, ही गोष्ट निकालात महत्त्वाची ठरली. तिकडे कर्करोगासारख्या आजारांची माहितीही चाळणीत अडकल्याच्या तक्रारी होत्याच.

आपल्याकडे १९६७च्या ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य वाचनालयांना अनुदान मिळते. ते जनतेच्या पैशातून येते, म्हणून आपल्यालाही विचारण्याचा हक्क आहे. आमचे सांगणे असे, की वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाला चार जणांनी मिळून अर्ज द्यावा. फिल्टर लहान मुलांच्याच संगणकाला लावा. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरापोरींना तो नको. काय बंद केले, ते फलकावर मराठीत लिहा. चुकून बंद झालेले उघडून देण्याचा अधिकार तिथल्या ग्रंथपालाला असू द्या. त्यासाठी मुलीला चारचौघांत कारण सांगावे लागू नये. संगणक कोपऱ्यात न ठेवता ग्रंथपालाच्या नजरेसमोर ठेवा. याला तर खर्चही नाही.

बाकी, घरातल्या मोबाइलला कोणती चाळणी आहे, हेही एकदा पाहावे. वाचनालयात निदान एक माणूस समोर बसलेला असतो.

कालामांना तथागतांनी सांगितले होते, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, एवढ्यावरून काही मानू नका. स्वतः पारखून घ्या. पारखायला पोराला आधी ते वाचायला तर मिळाले पाहिजे. येत्या रविवारी वंदनेनंतर अर्जाचा मसुदा करायला बसावे. ज्यांची मुले वाचनालयात जातात, त्यांनी मुलांनाही बरोबर आणावे. काय अडते आणि काय उघडते, ते त्यांनाच ठाऊक असते.