परतफेडीपलीकडचा नाताळ

१९३९ साली अमेरिकेत नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला येत होता. थँक्सगिव्हिंगचा सण त्या दिवशी व्हायचा आणि नाताळची खरेदी त्यानंतर सुरू होण्याची रीत होती. विक्रीला दिवस अपुरे पडतील अशी व्यापाऱ्यांना धास्ती वाटली, म्हणून अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सणच आठवडाभर अलीकडे ओढला. बऱ्याच राज्यांनी ते जुमानले नाही. अखेर १९४१मध्ये कायद्याने चौथा गुरुवार ठरला. चर्चचे पंचांग मात्र नेमके उलटे चालते. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. तो प्रार्थनेचा, आत्मपरीक्षणाचा काळ. धर्मगुरूंची वस्त्रेही जांभळी असतात. सण २५ डिसेंबरला सुरू होतो आणि परंपरेने ६ जानेवारीपर्यंत चालतो. बाजाराचा सण २५ तारखेला आटोपतो, दुसऱ्या दिवशी उरल्या मालावर सवलती लागतात.

सणावरच्या बाजाराच्या या पगड्यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे जुन्या, शुद्ध नाताळाकडे परतणे. पण इतिहासात असा नाताळ सापडत नाही. शुभवर्तमानांत येशूच्या जन्माची तारीखच नाही. जुन्या इंग्लंडमधल्या नाताळात खाण्यापिण्याला आणि धांगडधिंग्याला ऊत येई. त्याला विटलेल्या कडव्या प्रॉटेस्टंट प्युरिटनांनी १६४७मध्ये पार्लमेंटकडून सणावर बंदी आणली, तेव्हा कँटरबरीत दंगल झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठरला. १६८१मध्ये तो कायदाही गुंडाळावा लागला. आज आपण ज्याला घरगुती, मुलांचा नाताळ म्हणतो, तो बहुतांशी एकोणिसाव्या शतकातला. भेटवस्तूंच्या व्यापाराबरोबरच तो वाढला. त्यामुळे सणाचा अर्थ भूतकाळात किंवा बंदीत शोधून हाती काही लागत नाही. तो मूळ कथेतच पाहावा लागतो.

लूकच्या शुभवर्तमानातल्या कथेत रोमन कैसराने नावनिशी नोंदवण्याचा हुकूम काढला आहे. त्यापायी नासरेथचे एक जोडपे बेथलेहेमला येते, उतारशाळेत जागा नसल्याने नवजात बाळाला गव्हाणीत ठेवते आणि जन्माची वार्ता पहिल्यांदा पोचते ती रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. मत्तयच्या कथेत मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक सोने, ऊद आणि गंधरस आणतात. म्हणजे भेट, तीही मौल्यवान, या कथेला परकी नाही. मात्र ती ज्याच्या पायाशी ठेवली जाते, त्या बाळाला राजा हेरोदाच्या भीतीने लगेच मिसरला न्यावे लागते. परत काही देण्याच्या स्थितीत ते कुटुंब नाही. पुढे येशू हेच शिकवतो: मेजवानीला उलट आमंत्रण देऊ शकणाऱ्या श्रीमंत शेजाऱ्यांना बोलावू नका, गरिबांना आणि अपंगांना बोलावा. आपल्याकडे लग्नातला आहेर वहीत मांडून ठेवतात आणि देणाऱ्याच्या घरच्या कार्यात तेवढाच फेडतात. नाताळची बाजारी भेट बरीचशी त्याच जातीची आहे. ख्रिस्ती अर्थ वही मिटल्यावर सुरू होतो. १२२३ साली इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाणीचा देखावा उभारणाऱ्या संत फ्रान्सिसची इच्छाही अशीच होती, की या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे आणि बैलागाढवांनाही जास्तीचा चारा मिळावा.

या खरेदीवर कितीतरी कष्टकऱ्यांची पोटे चालतात, असा आक्षेप कोणी घेईल. तो खराच आहे; पण गरजूसाठी घेतलेल्या घोंगडीचे पैसेही विणकराच्याच घरी जातात. खर्च थांबवा असे येथे म्हणणे नाही, त्याची दिशा बदलावी एवढेच आहे. मग आप्तांना काही देणे फोल का? तसेही नाही. गोव्यात नाताळला नेवऱ्या-दोदोलची ताटे हिंदू शेजाऱ्यांकडे जातात, दिवाळीला फराळ उलट येतो; या देवघेवीने माणसे जोडली जातात, हे थोडे नव्हे. मात्र आपलेपणाचे हे वर्तुळ प्रत्येक सण आखतोच. बेथलेहेमची कथा त्या वर्तुळाबाहेरच्या माणसाबद्दल विचारते. म्हणून भेटींच्या यादीत परतफेड करू न शकणाऱ्याचे एकही नाव नसेल, तर ती यादी कितीही साधी आणि स्वस्त असो, ती बाजाराचीच राहते.