पाणी वर का चढत नाही? घरगुती कॉफीयंत्राच्या बिघाडांची मीमांसा

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांची वसाहत होय. झाशीच्या राणीचे नाव धारण करणारी ही वसाहत सरोजिनी नगर आणि किडवाई नगर यांच्या शेजारी, आय.एन.ए. मार्केटपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आहे. बदलीच्या नोकऱ्यांमुळे अशा वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे एकाच जिन्यावर राहतात आणि एका घरातील सवय दुसऱ्या घरात सहज शिरते. महाराष्ट्रीय घरातील कॉफी म्हणजे दुधात उकळलेली, जायफळ घातलेली, बहुधा पाहुण्यांसाठी किंवा जागरणासाठी केलेली. शेजारच्या तमिळ किंवा कन्नड घरात मात्र ती पहाटे पितळी फिल्टरमधून थेंबाथेंबाने उतरत असते. या दोन्ही पद्धतींच्या जोडीला आता विजेवर चालणारे कॉफीयंत्र आले आहे. एखाद्या सकाळी ते बंद पडते. दुरुस्त करणारा चटकन मिळत नाही, आणि मिळाला तरी ‘नवेच घ्या’ हा सल्ला ठरलेला असतो. वास्तविक या यंत्राइतके साधे विद्युत उपकरण स्वयंपाकघरात दुसरे क्वचितच असेल. परंतु त्याची रचना न समजता केलेली दुरुस्ती घराला आग लावू शकते. म्हणून आधी रचना पाहू.

कागदी गाळणीतून कॉफी गाळण्याची कल्पना जर्मनीतील ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीची. तिने मुलाच्या वहीतील टीपकागद वापरून पाहिला आणि १९०८ साली आपल्या गाळणीची नोंदणी केली. हीच क्रिया विजेच्या साहाय्याने करणारे ‘विगोमॅट’ हे यंत्र जर्मनीतच १९५४ साली निघाले. अमेरिकेत १९७२ साली बाजारात आलेल्या ‘मिस्टर कॉफी’ने ते घरोघर नेले. तेव्हापासून आजपर्यंत त्याच्या अंतरंगात फारसा बदल झालेला नाही.

यंत्राच्या मागील टाकीत आपण थंड पाणी ओततो आणि ते वरच्या तोटीतून कढत होऊन कॉफीच्या चूर्णावर पडते. पाहणाऱ्याला वाटते की आत एखादा पंप असला पाहिजे. तसा पंप तेथे नसतो. टाकीच्या तळातील छिद्रातून पाणी एका झडपेतून खाली उतरते आणि घोड्याच्या नालेसारख्या वाकविलेल्या ॲल्युमिनियमच्या नळीत शिरते. या नळीला चिकटूनच विजेने तापणारा घटक, म्हणजे तापक, बसविलेला असतो आणि दोहोंच्या डोक्यावर काचेचे भांडे ठेवण्याची तबकडी असते. नळीतील पाणी उकळू लागले की वाफेचे बुडबुडे निर्माण होतात. त्यांना मागे टाकीकडे जाता येत नाही, कारण झडप एकाच दिशेने उघडते. साहजिकच ते पुढच्या उभ्या नळीत चढतात आणि चढताना मधले पाणी आपल्याबरोबर वर ढकलीत नेतात. यंत्रातून येणारी ती ओळखीची गुडगुड या बुडबुड्यांचीच असते. चहाचे आधण फार तापले की झाकण उचलून उतू जाते, तेच बळ येथे कामाला लावले आहे. टाकी रिकामी झाली म्हणजे नळीचे तापमान एकदम वाढते. तेव्हा थर्मोस्टॅट हा स्वयंचलित खटका विद्युतप्रवाह तोडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा जोडतो. तबकडी ऊबदार राहते ती यामुळे. थर्मोस्टॅट निकामी झाला तर शेवटचा रक्षक म्हणून तापकाला लगटून एक उष्णताफ्यूज बसविलेला असतो. सामान्यतः तापमान दोनशे अंश सेल्सिअसच्या बरेच पुढे गेले की तो कायमचा तुटतो. काही यंत्रांत असे दोन फ्यूज असतात.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे निदान अवघड राहत नाही. प्रथम त्याच सॉकेटमध्ये टेबलावरचा दिवा लावून पाहावा. हे सुचविताना संकोच वाटतो, पण दोष भिंतीत आणि शस्त्रक्रिया यंत्रावर, असे प्रकार पुष्कळ घडतात. दिवा लागला, पण यंत्राचा दर्शकदिवाही पेटत नसेल, तर दोष प्लग, दोरी किंवा खटका यांत शोधावा. प्लगच्या पिनांभोवती काळवंडलेला डाग दिसला तर तेथील जोड सैल होऊन तापत होता असे समजावे. दर्शकदिवा पेटतो आणि तबकडी मात्र थंडच राहते, असे झाल्यास खटक्याच्या पुढचा मार्ग तुटला आहे. बहुतेक यंत्रांत हा दिवा तापकाला समांतर जोडलेला असतो, त्यामुळे तो पेटणे ही तापक शाबूत असल्याची खूण नव्हे. तबकडी तापते, पण पाणी वर येत नाही, ही तिसरी अवस्था. तिचे कारण विजेत नसून पाण्यात असते, आणि घरोघरी आढळणारा बिघाड हाच.

दिल्लीला यमुनेचे, गंगेचे आणि भाक्रा धरणाचे पाणी मिळते, त्याच्या जोडीला भूजलही वापरले जाते. भूजल पुष्कळ ठिकाणी जड असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठिणता दर लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतली जाते. पाण्यात विरघळलेले कॅल्शियम बायकार्बोनेट तापविले असता विघटित होते. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. गीझरमध्ये आणि रोज पाणी तापविण्याच्या पातेल्यात जमणारा पांढरा थर तो हाच. कॉफीयंत्राची नळी अरुंद असल्याने तेथे तो लवकर जाचक होतो. झडपेतील लहानशी गोळी किंवा रबरी पापुद्रा या थराने चिकटून बसतो. ती मिटलेली चिकटली तर पाणी आत येत नाही. उघडी चिकटली तर वाफ मागे फिरते, टाकीतच बुडबुडे उठतात आणि तोटीतून थेंबही पडत नाही.

याहून गंभीर परिणाम डोळ्यांना दिसत नाही. हा क्षार उष्णतेचा मंद वाहक आहे. तापकाची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, तापक स्वतःच अधिकाधिक तापतो आणि एके दिवशी उष्णताफ्यूज तुटतो. म्हणजे पहिल्यांदा पाण्याचा असलेला रोग शेवटी विजेचा म्हणून प्रकट होतो. केवळ फ्यूज बदलून क्षार तसाच ठेवल्यास तो नवा फ्यूजही तुटतो, आणि मग कंटाळलेला मनुष्य किंवा घाईतला कारागीर फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा जोडून देतो. यंत्र सुरू होते. मात्र आता त्याला थांबविणारे कोणी उरलेले नसते. थर्मोस्टॅट अडकला की ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक आणि शेवटी ओट्यावरचे कापड यांच्यावर प्रसंग येतो. अशी तार जोडलेले यंत्र घरात ठेवण्यापेक्षा ते भंगारात देणे बरे.

क्षार काढण्यासाठी एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवावे. दिल्लीत वाणी त्याला नींबू सत म्हणून ओळखतो. यंत्र सुरू करून निम्मे पाणी वर चढू द्यावे, मग बंद करून अर्धा तास थांबावे आणि उरलेले चढवावे. पाणी मुळीच चढत नसेल तर कोमट द्रावण टाकीत तसेच ठेवून मधूनमधून यंत्र हलवावे. रात्रभर मात्र ठेवू नये, कारण आम्ल ॲल्युमिनियमलाही खाते. त्यानंतर साध्या पाण्याच्या दोन-तीन टाक्या चढवून टाकून द्याव्यात. या द्रावणात ब्लीचिंग पावडर वा तत्सम काही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

तबकडी थंडच असेल तर मल्टिमीटर हवा. प्लग सॉकेटमधून काढून, यंत्र पूर्ण निवल्यावर, खटका चालू स्थितीत ठेवून प्लगच्या दोन धारक पिनांमधील रोध मोजावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या ९०० वॉटच्या यंत्राचा रोध सुमारे ५९ ओहम भरतो. काटा हललाच नाही तर तळ उघडून फ्यूज, थर्मोस्टॅट आणि तापक एकेक तपासावेत. शाबूत फ्यूजचा रोध जवळजवळ शून्य असतो. नवा फ्यूज त्याच तापमानाचा व त्याच अँपिअरचा घ्यावा. तो डाख देऊन जोडू नये, दाबून बसविण्याच्या धातूच्या नळीने जोडावा. नेहमीचा डाख १९० अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे तो तेथे टिकणार नाही. शिवाय डाख देतानाच्या उष्णतेने नवा फ्यूजच तुटेल.

एका प्रकाराचा उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेत स्थायिक झालेला मुलगा किंवा भाचा प्रेमाने तिकडचे यंत्र घेऊन येतो. ते १२० व्होल्टसाठी बनविलेले असते. पिना जुळविणारा ॲडाप्टर केवळ आकार बदलतो, दाब नव्हे. दाब जवळजवळ दुप्पट झाला की शक्ती त्याच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे पावणेचार पटींच्या घरात वाढते. ९०० वॉटचे यंत्र ३३०० वॉट ओढू पाहते. ते अल्पावधीत निकामी होते, आणि तेव्हा उष्णताफ्यूज आपले काम चोख बजावून गेलेला असतो. फ्यूज बदलून हे यंत्र पुन्हा २३० व्होल्टवर लावणे व्यर्थ आहे. योग्य क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो यंत्रापेक्षा जड भरतो.

यंत्राला हात लावताच झिणझिण्या आल्या किंवा ते लावताच घरातील गळतीरोधक खटका पडला, तर तपासणी तेथेच थांबवावी. तापकाचे आवरण फुटून वीज धातूपर्यंत आली आहे. अशा वेळी तिसरी, जाड पिन काढून टाकून खटका पडणे ‘बंद’ करण्याचा उपाय काही जण करतात. त्या पिनेतूनच गळणारी वीज जमिनीत जात होती. ती काढली की तोच प्रवाह पुढच्या वेळी भांडे उचलणाऱ्याच्या अंगातून जाईल. असा तापक दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो. तो मिळेपर्यंत शेजाऱ्यांकडचा पितळी फिल्टर मागून आणावा.